जुनी मोटारसायकल रंगवण्याआधी तिची चासी तपासा



आपल्या बऱ्याच गावांत गोठ्याच्या कडेला किंवा कडब्याच्या आडोशाला एखादी जुनी मोटारसायकल धूळ खात उभी असते. कुठे राजदूत असते, कुठे जावा नाहीतर येझदी, एखाद्या वाड्यात बुलेट. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, ऊस नाहीतर कांदा विकून पैसे फेडलेली. परदेशात रानावनातल्या, चिखलमातीच्या वाटांसाठी म्हणून वेगळ्या मोटारसायकली बनवतात. आपल्याकडे ते काम याच गाड्यांनी केलं. गाडीवाटेनं, ओढ्यातून, नांगरटीच्या कडेनं त्या चालल्या.

राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. पोलंडमधल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून ती बनवली होती. जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होत. तो कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. बुलेट १९५५ पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बनू लागली. यातल्या कित्येक गाड्यांचं वय आता चाळीस-पन्नास वर्षांचं आहे.

अलीकडे घरातली तरुण मुलं या गाड्या बाहेर काढून नव्यासारख्या करायला लागली आहेत. हौस चांगली आहे. पण आधी इंजिनाचं काम होतं, मग टाकी रंगते, मग चमचमीत हँडल येतं, आणि चासीवर मात्र लांबी भरून काळा रंग मारला जातो. हा क्रम उलटा आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलत घरी आणता येते. चासी हँडलच्या मानेपाशी तुटली तर माणूस घरी येईलच असं नाही. म्हणून पहिला रुपया चासी उघडी करून बघण्यावर खर्च करा. तिचा निकाल लागल्यावरच पुढचं ठरवा.

चासी खराब का होते?

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गंज हा लोखंडावरचा थर म्हणून तिथेच थांबत नाही. तो भुसभुशीत असतो. पाणी धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खातच राहतो. तो मूळ लोखंडापेक्षा फुगून जास्त जागा घेतो, म्हणून रंग फोडासारखा वर येतो. क्षार मिळाला की हे काम दुप्पट वेगानं चालतं.

आता आपल्या शेतात काय काय आहे ते बघा. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. त्याची पिशवी कॅरियरवर फाटली, चार दाणे सीटखालच्या सांध्यात पडले आणि पावसाळा लागला, की तिथे गंज बसलाच म्हणून समजा. अमोनियम सल्फेटचंही तसंच. द्राक्षाच्या आणि सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रण करतात. त्यातलं मोरचूद उघड्या लोखंडावर सांडलं तर तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्याच्या शेजारचं लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. फवारणीचा पंप पाठीमागे बांधून वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा मागचा भाग म्हणूनच आधी बघावा. गोठ्यात उभी केलेली गाडी तर शेणामुताच्या ओलीत आणि वाफेतच असते. जनावरं बांधायच्या जागी गाडी ठेवू नये, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

दुसरं कारण ओझं. चाळीस लिटरचे दुधाचे दोन कॅन दोन बाजूंना लटकवले की नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर जातं. कॅनचं वजन वेगळं, चालवणारा वेगळा. हे सगळं मागच्या चाकाच्याही मागे, कॅरियरच्या टोकावर. खड्ड्यात गाडी आदळली की हा भार शॉकअपच्या वरच्या सांध्यांवर आणि सीटखालच्या नळीवर येतो. रोज सकाळ-संध्याकाळ, दहा-वीस वर्षं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच चासीचं होतं. मोठा अपघात झालेला नसला तरी केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू वाढत जाते.

पान्हा हातात घेण्यापूर्वी

आधी कागद बघा. खासगी मोटारसायकलीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. आरसी बुक हरवलं असेल किंवा मुदत कधीच संपून गेली असेल तर आरटीओ कार्यालयात विचारून या आणि मगच खर्चाला लागा. चासीवर कारखान्यानं ठोकलेला नंबर असतो. तो आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. त्या नंबरावर पेन्सिलीनं कागद घासून त्याचा छाप घेऊन ठेवा. हा नंबर ग्राइंडरनं घासला गेला, वेल्डिंगखाली झाकला किंवा लांबीत बुजला, तर गाडी कितीही सुंदर झाली तरी कागदावर ती तुमची राहत नाही. बिनकागदाची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ती चोरीची निघाली तर गाडी जाईल, पैसे जातील आणि चौकीच्या खेपा मागे लागतील.

सरकारनं २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. ऐकायला बरं वाटतं, पण नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दूध घालायला किंवा शेतावर जायला गाडी हवी असेल तर त्या वाटेला न गेलेलंच बरं. साधं नूतनीकरण करा. मूळ रंग बदलायचा असेल तर तोही आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो.

मग गाडी उलगडायला घ्या. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी सगळ्यात आधी काढून लांब ठेवा. मोबाइल आता घरोघरी आहे, तेव्हा प्रत्येक भाग काढण्यापूर्वी दोन फोटो घ्या. नटबोल्ट आणि वायसर वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावा. अडकलेल्या बोल्टवर हातोडा चालवण्याऐवजी पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्या. ब्रेक उघडताना आतली पूड तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

जुना रंग आणि गंज काढणे

जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव असतो. म्हणून तो जाळून काढू नये, कोरडा घासून धूळही उडवू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावा, तोंडाला मास्क असावा आणि खाली ताडपत्री अंथरावी. हे काम गोठ्याजवळ आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी मुळीच नको. गायी-म्हशींना चाटायची सवय असते. रंगाचे पोपडे किंवा फुटक्या बॅटरीचा तुकडा चाटून जनावराला शिशाची विषबाधा होते आणि जनावर दगावतं. ताडपत्रीवरचा सगळा कचरा गोळा करून पिशवीत बांधा. तो उकिरड्यात टाकू नका, कारण उकिरड्याचं खत पुढे शेतातच जातं.

जाड गंज खरवडणीनं आणि वायर ब्रशनं काढावा. नटबोल्ट, पट्ट्या, स्टँड अशा सुट्या लोखंडी भागांसाठी लिंबूसत चांगलं. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम विरघळवून प्लास्टिकच्या घमेल्यात भाग बुडवून ठेवा. काही तासांत, फार तर रात्रभरात गंज सुटतो. मग ब्रशनं घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा. ओले ठेवलेत तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबडे होतील. स्प्रिंगा, आरे आणि चाकाचे आस मात्र कुठल्याही आम्लात बुडवू नका. कडक केलेलं पोलाद आम्लात ठिसूळ होतं आणि पुढे अचानक तुटतं. ॲल्युमिनियमचे भागही नकोत.

संडास साफ करायचं ॲसिड चासीवर ओतणारे लोक आहेत. गंज क्षणात जातो खरा, पण ते ॲसिड सांध्यांत शिरून बसतं आणि नव्या रंगाखालून आठ-पंधरा दिवसांत गंज पुन्हा डोकं काढतो. त्याच्या वाफेनं शेजारची अवजारंसुद्धा गंजतात. हा प्रकार अजिबात करू नये.

शहरात वाळूच्या माऱ्यानं, म्हणजे सँडब्लास्टिंगनं, चासी साफ करून मिळते. काम स्वच्छ होतं. पण खऱ्या वाळूची बारीक धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसाचा नाश करते, तेव्हा पोलादी कण वापरणारा कारखाना शोधावा. पाठवण्यापूर्वी हँडलच्या मानेतल्या गोळ्यांच्या वाट्या आणि आट्यांची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बंद करावीत. चासी नंबरावर जाड पट्टी चिकटवावी आणि तसं तोंडीही बजावून सांगावं. मडगार्डचा पातळ पत्रा या माऱ्यानं वेडावाकडा होतो, तो हातानेच घासलेला बरा.

चीर कशी शोधावी

चासी उघडी झाली की तिच्याकडे उन्हात निवांत बघा. घाई करू नका. सोंड्यानं पोखरलेला ज्वारीचा दाणा वरून धड दिसतो आणि चिमटीत धरला की पीठ होतो. काही नळ्या तशाच असतात. लहान हातोडीनं नळीवर हलकेच टकटक करत जा. चांगली नळी खणखणीत वाजते, आतून खाल्लेली बद्द आवाज देते. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोरानं दाबून बघा. टोक आत गेलं तर बरंच झालं, तुम्ही बसण्याआधी कळलं. नळीच्या खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली असतील तर त्याच्या वरची जागा हमखास गंजलेली सापडते. कुंभारमाशीनं नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधलेलं असतं, तेही खरवडून काढा. ती माती ओल धरते.

मग चिरा. हँडलची मान आणि तिला येऊन मिळणाऱ्या नळ्या, शॉकअपचे वरचे सांधे, मागचा चिमटा जिथे चासीला जोडतो ती जागा, इंजिनाचे कान, पायदान आणि मेन स्टँडचे सांधे, आणि कॅरियरसाठी नंतर कुणी वेल्डिंग मारलेलं असेल ती प्रत्येक जागा बघायची. जुन्या राजदूतला पुढेही चिमटा असतो, त्याचे सांधे आणि बुशही तपासा.

डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला एक जुनी युक्ती आहे, ती अजून उपयोगी पडते. सांध्याची जागा अगदी स्वच्छ करून तिच्यावर ब्रशनं डिझेल लावा. अर्धा तास मुरू द्या. मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्या. आता पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्या जागी पातळ हात द्या आणि वाळू द्या. हातोडीनं शेजारी दोन-तीन टिचक्या मारा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. शहरात याच कामासाठी लाल रंगाचे फवारे मिळतात, पण खडू-डिझेलनं घरच्या घरी बरंच कळतं.

चासी वाकली आहे का हेही बघून घ्या. त्यासाठी गाडी उलगडण्यापूर्वीच तिला स्टँडवर सरळ उभी करा. एक लांब दोरा मागच्या टायरभोवती घालून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना दोरा टेकला पाहिजे. हँडल सरळ धरल्यावर पुढच्या चाकापासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर सारखं यायला हवं. एका बाजूला जास्त आलं तर आधी मागचं चाक चेनच्या ताणात तिरकं बसलं आहे का ते बघा. ते सरळ असूनही फरक राहिला तर चिमटा किंवा चासी वाकलेली आहे.

आता निकाल. पायदानाच्या, स्टँडच्या किंवा कॅरियरच्या सांध्याला चीर असेल तर दुरुस्ती होते. चीर जिथे संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडावं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चिरेत खाच करून वेल्डिंग भरावं. चासीची नळी पातळ असते. नांगराचा फाळ जोडणाऱ्या जाड रॉडनं ती जळून भोक पडतं, किंवा वरवर ठिगळ बसतं. पातळ नळीवर हात बसलेला वेल्डर शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मान चिरली असेल किंवा तिला मिळणारी नळी आतून सडली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गावातल्या वेल्डिंगवर त्या चासीवर बसू नका. शहरातल्या जाणकार कारखान्यात दाखवा. तोही नाही म्हणाला तर ती गाडी आजोबांची आठवण म्हणून ओसरीवर उभी करा, रस्त्यावर आणू नका.

पेट्रोलच्या टाकीला घरी कधीही वेल्डिंग मारू नये. टाकी वर्षभर रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेऊन टाकी फुटते. ग्राइंडर आणि वेल्डिंगची ठिणगी कडब्याच्या गंजीपर्यंत जाणार नाही एवढ्या अंतरावर काम करा आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा.

रंग

रंगाला हंगाम लागतो. पावसाळ्यात ड्यूकोसारखा लवकर वाळणारा रंग मारला तर हवेतली ओल धरून तो दुधाळ पडतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे कोरडे दिवस उत्तम. सकाळी दव उडून गेल्यावर सुरुवात करा आणि ऊन उतरण्याआधी आवरा. गावात मळणी चालू असेल तर थांबा, नाहीतर सगळं भूस रंगावर चिकटेल.

उघड्या लोखंडाला रात्रभर तसंच ठेवू नका. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी थिनरनं पुसून प्रायमरचा हात द्या. घासूनही खड्ड्यांत राहिलेला बारीक गंज असेल तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक द्रावण लावा. ते गंजाशी संयोग पावून काळपट थर धरतं. हातमोजे घालून लावावं. प्रायमर झिंक फॉस्फेटचा मागावा. झिंक क्रोमेटचा प्रायमर गंजाला चांगला अडवतो, पण त्यातलं क्रोमेट कर्करोगकारक आहे. पातळ दोन हात प्रायमर, मग पातळ दोन-तीन हात रंग. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि आतून ओला राहतो. लांबी फक्त दिसण्यापुरत्या बारीक खड्ड्यांना लावावी, सांध्यांवर नको. लांबीखाली नवी चीर पडली तर ती कळायला मार्ग राहत नाही.

दोन डबे मिसळून लावायचे पीयू रंग फार चकाकतात. पण त्यांच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम सोय असलेल्या कारखान्यातच द्यावं. घरी साधा सिंथेटिक एनॅमल पुरे. पावडर कोटिंग करून घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. त्यामुळे साधी लांबी त्यात टिकत नाही. कोटिंग मजबूत असतं, पण एकदा दगडानं टवका उडाला की गंज त्याच्याखालून सरपटत जातो आणि वरून काही दिसत नाही. गोट्यांच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीला मला हातानं डागडुजी करता येणारा रंगच बरा वाटतो.

बाहेरून रंग वाळल्यावर नळ्यांच्या आतली काळजी घ्या. जिथे आत जायला भोक आहे तिथून जवसाचं बेलतेल ओता, चासी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि उरलेलं तेल खालच्या भोकांतून निथळू द्या. आत पातळ थर बसून वाळतो आणि ओल अडते. पण बेलतेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि फडकं काडी न लावता आपोआप पेटतं. कडब्याजवळ असं फडकं पडलं तर काय होईल ते सांगायला नको. फडकं पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून वर झाकण लावा.

जोडताना

हँडलच्या मानेतल्या वाट्यांत आणि इंजिनाच्या कानांवर रंग राहू देऊ नका. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट रंग चेपला की सैल होतो. या गाड्यांत विजेची परतीची वाट चासीतूनच असते. नवा रंग मारल्यावर दिवा मिणमिणतो, हॉर्न वाजत नाही, आणि मिस्त्री वायरिंग बदलायला सांगतो. आधी अर्थिंगच्या वायरीखालचा रंग नखाएवढा खरवडून बघा. बहुतेक वेळा काम तेवढंच असतं. आवळून झाल्यावर तिथे ग्रीस लावा.

गाडी सुरू झाल्यावर पहिले शंभर किलोमीटर रिकामी चालवा. मग इंजिनाचे, शॉकअपचे आणि चिमट्याचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि वेल्डिंग केलेल्या जागा पुसून बघा. रंगावर सांध्याच्या कडेनं तांबूस रेघ दिसली तर ती धूळ नव्हे, खाली चीर हलते आहे. खताची किंवा फवारणीची खेप केलेल्या दिवशी गाडी साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. वैशाखात, पेरणीच्या धांदलीआधी, एकदा सीट काढून खालचे टवके घासून त्यावर प्रायमर आणि रंगाचा हात फिरवून घ्या.